ताईला किडनी द्यायला निघालेला भाऊ

…अहो, पुन्हा तेच! ताईच्या दहाव्याला घाटावर डोकं भादरून बसलोय, ताईला माझ्याशिवाय कुणी न्हाई म्हणून पिंड मीच ठेवलाय, आन् मागनं आवाज, "भाऊ असावा तर असा!" कोण? श्रीमंतमामा! कारखान्याचा ट्रक चालवायचे, मग किडन्या गेल्या, ताई हुती तवा तिच्या शेजारच्या बेडवर डायलिसिसला. अख्खी बॅच जीप करून आली हुती. तुमाला सांगतो, कावळ्याच्या आधी मलाच उडून जावंसं वाटलं!

आता बॅच म्हंजे काय, तर सोमवार-गुरुवार श्रीगोंद्याहून नगरला जायचं, मशीनला पडून राहायचं, तेच बेड, तीच माणसं. कोण चोरून किती पाणी प्यालं, कुणाची सून बोलत न्हाई, समदं एकमेकाला ठावं. डॉक्टर काय बी सांगू द्या, पटायचं ते बॅचला विचारूनच! डॉक्टर म्हणले, "ज्ञानेश्वरीताई, भावाची किडनी जुळती का बघू." तर ताईनं बघितलं कुणाकडं? पलीकडच्या बेडवरच्या चांगुणामावशीकडं! मावशी म्हणली, "नगं गं बाई! आमच्या गावचा एकजण किडनीचं ऑपरेशन करून घ्यायला गेला, तो गेलाच. हितं समदे मिळून हाय, बरं हाय." मामा म्हणले, "आन् ह्या तुझ्या भावाचं लगीन व्हायचंय अजून!" झालं. विषय बंद.

आन् मी? मी छाती ठोकून, "ताई, चल! आत्ता चल! एक काय, दोन्ही घे!" भाऊ असावा तर असा!

अहो, पण मावशीच्या "नगं"ची वाट बघून मग ओरडायचो हो मी! दर वेळेला! आधी तिचं "नगं", मग माझं "चल". एकदा मावशी आजारी, आलीच न्हाई. ताई माझ्याकडं बघायला लागली… काहीतरी विचारणार, कळलं मला. म्हणलं, "ताई, डबा गाडीत राहिला." आन् खाली जाऊन वडापाव खात बसलो. वडापाव! आन् घशाखाली उतरला बी!

मग ताई गेली. मशीनवरच बीपी पडलं… गेली.

तेरावं झाल्यावर म्हणलं, बास, जाऊन खरं सांगून टाकू. गेलो. ताईच्या बेडवर दुसरंच कुणीतरी झोपलेलं. तोंड उघडलं, "मामा, मी काय तसा…" तर मामा रडायलाच लागले! "गप रं! तुझं बघून आमचा भीमा तयार झालाय, सख्खा भाऊ, किडनी देतो म्हणतोय!" आन् मावशी, हाताला नळ्या तशाच, म्हणती, "आमीच ताईला अडवलं रं… तू तर तयार हुतास. आता मी बी लेकाला विचारलंय." भाऊ असावा तर असा!

आता बोला! खरं सांगावं तर भीमा पळणार, मामा तसेच मशीनला राहणार. न सांगावं तर ही माझी आरती चालूच! काय करू? सांगा की!

बाहेर भीमा भेटला. दणकट गडी, उसाची मोळी एका दमात ट्रकवर टाकणारा, आन् बारीक आवाजात विचारतोय, "तुला भ्या न्हाई वाटलं का रं?"

म्हणलं, "न्हाई."

"अजिबात?"

"अजिबात!"

"मग तपासणीला संगं ये की."

गेलो! सिस्टरनं भीमाच्या दंडाला रबर बांधलं, सुई काढली… आन् आडवा कोण झाला? मी! डोळे उघडले तर भीमा मला फाईलनं वारा घालतोय आन् सिस्टरला सांगतोय, "बहिणीची आठवण झाली हो त्याला… भाऊ असावा तर असा!"

जुळलं त्याचं. पुढल्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन हाय. आन् दोघं भाऊ हटून बसलेत, बाकी कुणी आलं न्हाई तरी चालंल, ह्याला संगं घ्याच… धीर द्यायला.