मशीन ताब्यात देताना दादा काय म्हणाला

दिनांक ९ नोव्हेंबर, मंगळवार.

मी, खाली सही करणारी, वय त्रेचाळीस, शिक्षण बी.ए., धंदा छापखान्यात मुद्रितशोधक, राहणार छापखान्यामागच्या गल्लीत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून लिहून देते की,

अपघात गेल्या आठवड्यात झाला. त्याच संध्याकाळी मला या ठाण्यातून निरोप आला, त्यानंतर आणखी दोनदा आला. मी आले नाही. पहिल्यांदा दवाखान्याचे कारण सांगितले, पुढे काहीच सांगितले नाही. या विलंबाबद्दल मी दिलगीर आहे. दवाखान्याचे कारण खरे होते, पण तेवढेच नव्हते.

आज हवालदारसाहेबांनी मला खुर्ची दिली आणि जे पाहिले ते थोडक्यात सांगा म्हणाले. मी विनंती केली की मला माझ्या हाताने लिहू द्यावे आणि थोडक्यात सांगायला लावू नये. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि कागद दिले. त्यांची मी आभारी आहे.

या प्रकरणातील जखमी माझा नवरा आहे. ज्याच्यावर संशय आहे तो माझा सख्खा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणते, नवराही दादाच म्हणतो. दोघे एकाच कटिंग मशीनवर काम करतात, म्हणजे छापील कागदाचे गठ्ठे पात्याने कापण्याच्या मशीनवर. सकाळची पाळी दादाची, दुपारी दोनपासून नवऱ्याची. माझे लग्न दादानेच जमवले. ते त्या मशीनपाशी कसे जमले हे तो सांगत असे आणि सांगायला त्याला पाऊण तास लागे.

मशीनबद्दल विचारल्यावरून सांगते की, त्याला खाली पायाचा खटका आहे. खटका दाबला की पाते येते. तोंडाशी लाल दिव्याचा सेन्सर आहे. हात आत असेल तर तो पाते अडवतो. नियम असा की खटक्यावरून पाय काढल्याशिवाय हात आत घालायचा नाही. प्रत्यक्षात काम उरकावे म्हणून दोघेही पाय खटक्यावर ठेवूनच गठ्ठा सरळ करतात, हात बाहेर आला की पाते आपोआप येते. हे मालकांना माहीत आहे. मलाही माहीत होते. यात सगळी भिस्त सेन्सरवर असते, म्हणून सेन्सर बिघडला असेल तर पुढच्या माणसाला ते सांगणे भाग असते.

आमच्याकडे मशीन तोंडी ताब्यात देतात. जाणारा सांगतो, येणारा ऐकतो आणि शेवटी "आलं ध्यानात" म्हणतो. ते म्हटल्याशिवाय जाणारा हलत नाही. ही पद्धत दादानेच पाडली.

दादाच्या बोलण्याबद्दल लिहिणे आवश्यक आहे. छापखान्यात त्याला "क्रमशः" म्हणतात, कारण त्याची गोष्ट एका बैठकीत संपत नाही. एक पाना आणायला गेला तर दुकानदाराच्या साडूच्या गुडघ्यापासून सुरुवात करून तो पान्यापर्यंत येई. मशीन ताब्यात देतानाही तसेच. पाते सकाळी कसे होते, चहाच्या सुट्टीनंतर कसे झाले, डावीकडून आवाज आला तो पट्ट्याचा का नाही, हे सगळे. तोवर नवरा कपडे बदलून, चुळा भरून तयार होई आणि मधूनमधून हुंकार देई. मात्र दादाने सांगायचे राहिले म्हणून मशीनवर कधी काही अडले, असे माझ्या पाहण्यात नाही.

"थोडक्यात सांगायचं तर" हे शब्द आमच्याकडे सगळेच वापरतात. मालकांनी ते म्हटले की उत्तर नाही असे आहे हे आम्ही समजतो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ते म्हणते आणि मग तासभर बोलते. नवरा ते स्वतःसाठी वापरत नाही, दुसऱ्याला वापरायला लावतो: "दादा, थोडक्यात सांगा, पाळी संपेल माझी." दादाने मात्र ते उभ्या आयुष्यात म्हटल्याचे मला आठवत नव्हते. त्याला कोणी म्हटले तर तो म्हणे, "थोडक्यात सांगायचं तर मग सांगायचंच कशाला?"

या वर्षी उन्हाळ्यापासून तो ते म्हणू लागला.

त्याच सुमारास नवऱ्याच्या वाढदिवसाला आम्ही घरी काही लोकांना जेवायला बोलावले होते. दादा एक हकीकत सांगू लागला आणि मधेच अडकला. नवऱ्याने उभे राहून त्याची नक्कल केली, डोके खाजवत, "तर ते… ते आपलं… कुठे होतो मी?" असे म्हणत. नक्कल हुबेहूब होती. सगळे हसले, मीही हसले. दादा अर्ध्या ताटावरून उठून गेला. त्याचा अपमान झाला असे आम्ही धरले. दुसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेले तर म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर, मी रागावलेलो नाही." इतके तुटक त्याने सांगितल्यावर मला खात्रीच पटली की रागावला आहे.

तेव्हापासून तो सगळ्यांशीच कमी बोलू लागला. नवऱ्याच्या जबाबात "जेवणाच्या प्रसंगापासून मेहुणा माझ्याशी धड बोलत नाही" असे लिहिले आहे, असे मला कळले. ते खरे आहे. पण तो वहिनीशीही धड बोलत नव्हता, कागदाच्या गाडीवाल्याशीही नाही, माझ्याशीही नाही. छापखान्यात लोक म्हणू लागले की क्रमशः आता समाप्त झाला. वहिनी मला म्हणाली, "बाई, घरात कशी शांतता आहे. देवानं ऐकलं माझं." मला स्वतःला बरे वाटत होते, कारण माझी खोली मशीनच्या शेजारी आहे आणि दुपारी दोनच्या सुमारास मला शांतपणे मुद्रिते वाचता येऊ लागली होती.

घटनेच्या दिवशीचे विचारल्यावरून सांगते की, माझ्या खोलीला मशीनच्या बाजूने काच आहे आणि काचेचा खालचा तुकडा सरकवलेला होता. नवरा दोनच्या आधी आला. दादा मशीनपाशी उभा होता. त्याने बोलायला सुरुवात केली: "पातं बदललंय. आणि ते… तो हा…" इथे तो थांबला. त्याने आपला उजवा पंजा मशीनच्या तोंडापाशी नेला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. हे मी काचेतून पाहिले. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. मला वाटले, तो पात्याची धार दाखवतो आहे.

नवरा शर्टाची बटणे लावत होता. तो हसत म्हणाला, "दादा, थोडक्यात."

दादा म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर, सांभाळून."

नवरा म्हणाला, "आलं ध्यानात."

दादा डबा घेऊन निघाला. दाराशी थांबून त्याने वळून पाहिले, मग गेला. मी मुद्रितावर मान खाली घातली. अपघात त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने झाला. पाय खटक्यावर असताना नवऱ्याने गठ्ठा सरळ करायला हात आत घातला आणि सेन्सरने पाते अडवले नाही. उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी आवाज ऐकून धावले. बोटे कागदात गुंडाळून मीच दवाखान्यात नेली. ती जोडता आली नाहीत.

सेन्सर सकाळीच बिघडला होता हे नंतर उघड झाले. दादाने तंत्रज्ञाला फोन केला होता आणि तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी येणार होता. फोनवर दादा काय बोलला हे तंत्रज्ञाला विचारावे. माझ्या माहितीप्रमाणे तो फक्त "या लवकर, मशीन आहे" असे म्हणाला.

आता दादा म्हणतो की आपण सांगितले होते. नवरा म्हणतो की सांगितले नाही, राग मनात धरून मुद्दाम लपवले. दोघेही खोटे बोलत नाहीत असे माझे म्हणणे आहे आणि त्यासाठीच मी हा जबाब देत आहे.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी दादा माझ्या घरी आला. मी दवाखान्यातून डबा न्यायला आले होते. मी त्याला म्हटले, दादा, पहिल्यापासून सांग, सकाळी मशीन चालू केलेस तिथपासून. मी मधे बोलणार नाही. कितीही वेळ लागू दे. असे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच म्हटले.

त्याने सुरुवात केली. दार उघडले इथपर्यंत ठीक सांगितले. मग "ज्यानं उघडतं ते" त्याच्या हातात होते असे म्हणाला. किल्ली हा शब्द त्याला आला नाही. मी तो पुरवला नाही. तो मशीनपर्यंत पोहोचला. "तिथं ते लाल… ते बघतं ना, ते… बघत नव्हतं." मग म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर," आणि पुढे काहीच आले नाही. तेव्हा मला कळले की हे शब्द तो कुठे वापरतो. जिथे त्याला पुढचा शब्द दिसत नाही तिथे तो हे म्हणतो आणि पलीकडे जाऊन शेवट सांगतो. आम्हाला तो शेवट तेवढा ऐकू येत होता आणि आम्ही खूश होतो.

मग त्याने माझा हात धरून टेबलाच्या कडेवर ठेवला आणि आपल्या हाताने मागे ढकलला. पुन्हा ठेवला, पुन्हा ढकलला. काचेतून मी पाहिले ते हेच होते.

मी विचारले, "हे कधीपासून?"

तो म्हणाला, "होळीपासून… नाही, होळी नाही. ते ऊन असतं तेव्हापासून." थोड्या वेळाने म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. मशीनवरून उतरवतील."

मी सांगणार नाही असे त्याला म्हटले. इतके दिवस मी ठाण्यात का आले नाही, याचे उरलेले कारण हे आहे.

काल दवाखान्यात नवऱ्याने मला विचारले, "तू माहेरच्या बाजूनं की माझ्या?" मी म्हटले, जे पाहिले ते सांगणार. तो म्हणाला, "म्हणजे माहेरच्या." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी आलं ध्यानात म्हटलं, हे तू सांगणार का?" मी हो म्हटले. मी त्याला पाणी पाजले. त्याला अजून डाव्या हाताने पेला धरायची सवय नाही.

मी हा जबाब नवऱ्याविरुद्ध देत नाही. त्याने ऐकले असते तरी त्याला काय ऐकू आले असते हे मला सांगता येत नाही. आणि दादा माझा भाऊ आहे म्हणून मी त्याला सोडवू पाहते आहे का, हेही मी स्वतःला विचारले आहे. म्हणून मला वाटते ते बाजूला ठेवून फक्त पाहिले आणि ऐकले तेवढे लिहिले आहे. जिथे "वाटले" असे लिहिले आहे, तिथे वाटले असेच समजावे.

हा आजार आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही. माझी विनंती आहे की दादावर पुढील कारवाई करण्याआधी त्याची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. त्याला प्रश्न विचारताना वेळ द्यावा आणि शब्द कोणी पुरवू नये. तपासणी झाली की त्याला पुन्हा मशीनवर घेणार नाहीत हे मला माहीत आहे. या कागदामुळे ते होईल हेही माहीत आहे. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

मालकांविरुद्ध तक्रार आहे का असे विचारल्यावरून सांगते की, खटका आणि सेन्सर याबद्दल वर लिहिले आहे, ते तपासावे. बाकी मला काही सांगायचे नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. हवालदारसाहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते दोन ठिकाणी थांबले, मी त्यांना घाई केली नाही. मजकूर मी लिहिला तसाच आहे. "पाते" एका ठिकाणी "पाने" असे वाचले गेले, ते मी दुरुस्त करून बाजूला सही केली. दबाव कोणाचा नाही.

सही.

ता. क. साहेबांनी विचारले की दादाला बोलवायला उद्या शिपाई पाठवू का. मी सकाळचा वेळ मागून घेतला आहे. उद्या: शिपाई जाण्याआधी दादाच्या घरी जाऊन, मी इथे काय लिहून दिले ते त्याला माझ्या तोंडून सांगणे.