काशीनाथअप्पांनी आमच्या पायांचं पाणी भिंतीला घातलं

बसा, बसा मंडळी. गंगाअक्का, अप्पांची लेकरंबाळं, औशाहून आलेले व्यापारी, आणि आपल्या गावातले सगळे लहानथोर. काशीनाथअप्पा गेले. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मी बोलावं, हे काही मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या किराणा दुकानात रोज बसणारे इथं आहेत. शाळा समितीत त्यांच्या मांडीला मांडी लावून काम केलेले आहेत. मी तर जन्मभर त्यांच्याशी भांडलो. पण गंगाअक्का म्हणाल्या, "माणिकराव, तुमीच बोला. तुमच्याशी भांडल्याबिगर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं." आता भांडायला समोर माणूसच नाही, तर बोलू कुणाशी?

हां. एक आधीच सांगतो. मी रडगाणं गायला उभा राहिलो नाही. हा माणूस जिंकून गेला. कुणाशी जिंकून? माझ्याशी! मग ते सांगायला मीच पाहिजे की नाही?

तरण्या पोरांना ठाऊक नसंल. तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या नवरीसारखं सगळं कसं विचारून विचारून वाढणं चाललं होतं. साहेब लोक म्हणाले, गाव आपला वाटा उचलत असंल तर शाळेला खोल्या देऊ, ग्रामसभेनं मत द्यावं. आपली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर औसा. पोरं सायकलीवर जायची. पोरी घरी बसायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. खरं सांगायला लाज कसली?

ग्रामसभेत झाडून सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही. सलग दुसरं साल कोरडं गेलेलं. माझ्या दावणीची दोन जनावरं मेलेली. मी उठून म्हणालो, "प्यायला टँकर येतो. भिंती काय थुंकीवर बांधता?" लोक लई हसले. आणि हसत हसतच ठराव मंजूर केला.

मंजूर झाल्यावर खरा तमाशा सुरू झाला. काय बांधायचं? कुणाला शाळेपुढं कमान पाहिजे, वर आपल्या आज्याचं नाव. मास्तरला ऑफिस पाहिजे. भजनी मंडळी म्हणाली, स्टेज बांधा, आमाला बी कामाला येईल. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, अप्पा घमेल्यात चुन्याची फक्की घेऊन मोकळ्या मैदानात वाकलेले. आठवी, नववी, दहावीच्या खोल्या त्यांनी खऱ्याखुऱ्या मापात जमिनीवर आखल्या. आणि गावातल्या मिशाळ माणसांना त्यात रांगा करून बसवलं. मला मुद्दाम शेवटच्या रांगेत.

"माणिकराव, फळा दिसतो का?"

"फळाच न्हाई तर दिसंल कसा?"

"बरं, डोळ्यावर ऊन येतंय का?"

"येतंय की. भाजून राहिलंय."

"मग खिडकी पलीकडं." असं म्हणायचे, पायानं रेघ पुसायचे, नवी मारायचे. तीन दिवस आमचं असं भरउन्हात शिक्षण झालं. कमान तर कधी पुसली ते कळलंच नाही. कोपऱ्यात एक लहान चौकोन मात्र काही केल्या पुसंनात. कुणीतरी विचारलं, हे काय? म्हणाले, "पोरींचं संडास." लोक म्हणाले, शाळेत संडास कशाला? अप्पा म्हणाले, "तुमची पोरगी आठवीत बसंल ना, तवा तिलाच इचारा."

मग युसूफभाई गवंडी आले. अल्ला त्यांना सुखी ठेवो, तेही गेले. त्यांनी सगळी आखणी फिरून बघितली. म्हणाले, "अप्पा, आखणी झ्याक हाय. मसाला कालवायला मी खदानीतलं हिरवं पानी वापरतो, ते तेवढ्यालाच पुरंल. पन बांधलेल्या भिंतीला रोज पानी मारावं लागतंय. न्हाई मारलं तर सिमिटची भुकटी होती. माझं नाव खराब होतंय. पुढल्या सालापतूर थांबा." आणि थांबलं तर ते काम दुसऱ्या गावाला जाणार, हे सगळ्यांना माहीत. मी लगेच म्हणालो, "मी काय सांगत हुतो?" मला लई आनंद झाला होता. असा मी माणूस.

अप्पांनी चुन्यानं भरलेल्या आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "रानातून घरी आल्यावर आपण पायावर किती पाणी घेतो?"

कुणी म्हणालं, तांब्याभर.

"त्यो तांब्या उद्यापासून भिंतीला. आपण पाय पुसून घरात जायचं. पाव्हणा आला तरी."

मंडळी, हे ऐकून लोक उठूनच उभे राहिले! आपल्याकडं दारात आलेल्याच्या पायाला पाणी दिल्याशिवाय 'या' म्हटल्यासारखं होत नाही. एक म्हातारी म्हणाली, "अप्पा, वैऱ्याला बी आपण पाणी देतो रं." अप्पा म्हणाले, "प्यायला द्या की, आज्जी. पायाला न्हाई."

आणि गावानं ऐकलं! रोज संध्याकाळी घराघरातून तांबे निघायचे. अप्पांनी दुकानातलं सगळं बारदान आणून भिंतीवर टाकलं, ओल धरून राहावी म्हणून. सगळं गाव पाणी घालायचं. मी सोडून. माझ्या घरचा तांब्या माझी बायको मला चोरून नेत होती, हे मला फार उशिरा कळलं.

अशात देगलूरहून पाहुणे आले. माझ्या शकुंतलेला बघायला. चांगलं घर, आडतीचं दुकान. दुष्काळात पोरगी उजवली की बाप सुटला, असा माझा हिशेब. मी दाराआड एक घागर लपवून भरून ठेवली होती. पाहुणे एसटीतून उतरून चालत आले, गुडघ्यापर्यंत धूळ. मी तांब्या भरून बाहेर आलो. वाकलो. तेवढ्यात उंबऱ्यातून शकुंतला म्हणाली, "बाबा, त्यो तांब्या शाळेचा हाय."

मी तांब्या तसाच भरलेला खाली ठेवला.

मी अप्पांना बोलावणं धाडलं. पाहुण्यांनी त्यांना दोन शिव्या द्याव्यात, एवढीच इच्छा. अप्पा अनवाणी पळत आले. हात जोडून म्हणाले, "नियम माझा हाय. राग माझ्यावर काढा." सगळी हकीकत सांगितली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं शकुंतलेला विचारलं, "कितवी शिकली, बाळ?" ती म्हणाली, "सातवी झाली. आठवी अजून बांधून राहिलेत." म्हातारा हसला. पाणी प्यायला. मग चपला घालत मला म्हणाला, "आमाला ह्याच साली उरकायचंय. ही पोरगी काय सातवीवर थांबायची न्हाई." आणि गेले.

सोयरीक मोडली. मी भर रस्त्यात अप्पांना म्हणालो, "माझ्या पोरीचा संसार तू तुझ्या भिंतीत गाडला." वयानं मोठ्या माणसाला अरेतुरे केलं. इथं बसलेल्या कैक जणांनी ते ऐकलंय. अप्पा एवढंच म्हणाले, "माणिकराव, सांज होऊन राहिली. पाणी मारायचं राहिलंय." मी रागारागानं तो भरलेला तांब्या नेला आणि भिंतीवर फेकून मारला. पाणी भिंतीला, पोचा तांब्याला. वरून युसूफभाई म्हणाले, "चलो, माणिकरावचा बी तांब्या जमा झाला!"

खोल्या उभ्या राहिल्या, मंडळी. दुष्काळात उभ्या राहिल्या! आठवीच्या पहिल्या वर्गात पोरी बसल्या, आणि त्यांत माझी शकुंतला होती. मी नाही म्हणालो होतो. तिची आई हो म्हणाली. पुढं भूकंप झाला तेव्हा आपली दगडमातीची घरं बसली. ह्या भिंतीला चीर गेली नाही. अर्ध्या गावानं ह्याच वर्गांत संसार मांडले. मीही मांडला, दहावीच्या खोलीत, शेवटच्या कोपऱ्यात. एवढ्या दुःखात अप्पा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार, आता उट्टं काढणार. ते म्हणाले, "माणिकराव, फळा दिसतो का?" त्या दिवसांत मी तेवढा एकदाच हसलो.

पण मी त्यांना कधी म्हणालो नाही की तुमचं बरोबर होतं. रोज दुकानावरून जायचो. आज म्हणू, उद्या म्हणू. गूळ घेतला, मीठ घेतलं, भावावरून भांडलो आणि घरी आलो. किती वर्षं? ह्या जिभेला काय झालं होतं? आज सगळ्यांसमोर म्हणतो. गंगाअक्का, तुम्ही ऐका. अप्पा, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो होतो. तुम्ही जिंकलात, आणि तुम्ही जिंकलात म्हणून माझी पोरगी जिंकली.

आज ती ह्याच शाळेची हेडबाई आहे, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी मी तिला म्हणालो, "अगं, पलीकडच्या मैदानात अप्पांची शोकसभा हाय. आज शाळेला सुट्टी दे." ती म्हणाली, "बाबा, त्यांच्या नावानं वर्ग बंद ठेवू? मला न्हाई जमायचं." म्हणून हा गलका ऐकू येऊन राहिलाय. आठवीच्या पोरी कविता म्हणत आहेत.

अहो, ते कोण उठलं तिकडं? शाळेकडं कुठं निघालात? बसा. नाही, बसू नका, आता सगळेच उभे राहा. काशीनाथअप्पांना, ते स्वतः हात जोडून म्हणायचे तसा, माझा शरणार्थ. दोन मिनिटं आपण गप्प राहायचं. त्या पोरींना कुणी गप्प करायचं नाही.