बिल्ला नंबर ११४ ची गाय गाढव असल्याबाबत

जबाब, दि. २२ एप्रिल २०१३, सकाळी १० वाजून २० मिनिटे

मी, बंकट मुंजाजी ढाकणे, वय ६१ वर्षे, व्यवसाय शेती व गोल्फ, राहणार तळ्याची वस्ती, नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, चौकीत समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सत्यभामा हिच्यासह राहतो. व्यवसायात गोल्फ लिहायला इथले हवालदारसाहेब तयार नव्हते. यंदा रानात गवताची काडी न्हाई, मग शेती तरी कावून लिहिता, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी दोन्ही लिहिले. आधी हॉकी लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची आठ वर्षे नगरला साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानाची निगा माझ्याकडे होती. तिथे हा खेळ अंगात शिरला तो शिरलाच. निघताना एका मेजरसाहेबांनी पाच जुन्या स्टिका आणि पिशवीभर चेंडू दिले. आमचा पाझर तलाव दोन वर्षांपासून कोरडा ठणठणीत आहे. त्यात मी नऊ भोकं खणून प्रत्येकात डालड्याचा डबा बसवला आणि सत्यभामेच्या जुन्या लुगड्याची निशाणं लावली. रोज सकाळी सहा ते साडेआठ मी तिथे खेळतो. स्टिकांची पिशवी कर्नल वाहतो.

कर्नल हे गाढव आहे. नर, वय अंदाजे नऊ वर्षे, रंग करडा, उजव्या मागच्या पायाने लंगडा. पाय मोडला म्हणून वीटभट्टीवाल्याने त्याला सोडून दिले होते. मी फळ्या बांधून, हळद लावून त्याला उभा केला. हवालदाराने गाढवाला कर्नल म्हणणे शोभत नाही, असे इथे बोलले गेले. त्याला माझे उत्तर असे की, त्याच्याइतका शिस्तीचा अधिकारी मला सबंध नोकरीत भेटला नाही. मी चेंडू मारायला वाकलो की तो शेपूटसुद्धा हलवत नाही. चेंडू डब्यात पडून टण्ण वाजले की मगच ओरडतो, आणि मग मोकळ्या गळ्याने ओरडतो. हवालदारसाहेब हसले. हसा, पण लिहा.

जानेवारीत गावच्या दूध सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली. चेअरमन सुंदरराव. छावणीत गाय, बैल, म्हैस, वासरू घेतात, गाढव घेत नाहीत. नियमातच नाही. मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी सुंदरराव म्हणाले, "बंकटराव, उद्या कुत्री बी आणताल." तोवर कर्नलच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. टँकरचे जे पाणी आमच्या घरी येई त्यातली एक बादली मी त्याला देत होतो. त्यावरून सत्यभामा म्हणाली, "तुमी त्याच्यासंगंच लगीन करायचं व्हतं." तोंडाने ती अशीच आहे. पण भाकरीचा पहिला तुकडा तीच त्याला घालायची, हेही लिहून घ्या.

मार्चमध्ये गावात बोलवा उठली की मी पाणाड्या आहे, म्हणजे जमिनीखालचे पाणी मला कळते. आमच्याकडे कुणी तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवतो, कुणी लिंबाची बेचकी धरून. मी कोरड्या तळ्यात लोखंडी स्टिक घेऊन फिरतो, बसून एका डोळ्याने जमिनीचा उतार बघतो, चेंडू थांबला की तिथे जाऊन उभा राहतो. लोकांनी मला त्यांच्यातच धरले. मी नाही म्हणालो की त्यांचा विश्वास आणखी बसायचा.

दि. २७ मार्चला सुंदरराव नारळ आणि टोपी-उपरणे घेऊन घरी आले. छावणीत तीनशेच्यावर जनावर, टँकर दोन दोन दिवस येत नाही, बोअरची जागा दाखवा, असे म्हणाले. मी म्हणालो, "मला पाण्यातलं काय बी कळत न्हाई. ह्यो खेळ हाय."

"असू द्या की. आमी कुठं न्हाई म्हनलं? खेळा."

मग त्यांनी दारातल्या कर्नलकडे बघितले आणि म्हणाले, "त्याचं बी बघू काहीतरी." इथे माझी मती फिरली. मी हो म्हणालो. कुणी मला धमकावले नाही, दारू पाजली नाही. हो मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी छावणीतला गडी धुळाजी याने कर्नलच्या कानात बिल्ला मारला, नंबर ११४. वहीत 'गाय, रंग करडा, शिंगे नाहीत' अशी नोंद झाली. जनावर मालक म्हणून सही माझी आहे. धुळाजी मला म्हणाला, "तात्या, कान जरा दाबून धरा, लई गाढवासारखे दिसतेत." कर्नलने त्या दिवशी उसाचे वाढे इतके खाल्ले की मला रडू आले.

दि. ३० मार्चला सगळे गाव तळ्यावर जमले. चेंडूला हळदीकुंकू लावले, वरून नारळाचे पाणी शिंपडले. ओला चेंडू कसा जातो ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. खोटेच करायचे तर निदान बेताने करावे म्हणून मी तळ्यातल्या सखल जागेवर नेम धरला होता. चेंडू उजवीकडे वळला, बांध ओलांडून सोसायटीच्या नव्या ऑफिसच्या शटरवर आदळला आणि पायरीवर येऊन थांबला. बायांनी हात जोडले. मी म्हणालो, हा फटका चुकलाय, दुसरा मारतो. लोक म्हणाले, देवाला दुसरा फटका नसतो. सुंदररावांचे तोंड बघण्यासारखे झाले होते, कारण त्या पायरीचे उद्घाटन दिवाळीत झाले होते. पायरी फोडली. बोअरच्या गाडीने तीनशे साठ फुटांवर दोन इंची पाणी काढले.

हे कसे झाले ते मला माहीत नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. छावणीतली जनावरं पाण्याला तोंड लावून उभी होती ते बघून बरे वाटले, पण माझा खेळ त्या दिवशी संपला. मी तळ्यात उतरलो की मागे दहा-पंधरा माणसे नारळ घेऊन यायची, आणि चेंडू थांबेल तिथे चुन्याची फुली मारायची.

दि. १७ एप्रिलला सकाळी अकरा वाजता छावणीची तपासणी करायला नायब तहसीलदार आले. मी कर्नलजवळ उभा होतो. साहेब ११३ नंबरचा बिल्ला बघायला वाकले. कर्नल एकदम स्तब्ध झाला. तेवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी हातून दुधाच्या कॅनचे झाकण फरशीवर पडले, टण्ण. पुढचे सांगायला नको. तिकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली इतक्या जोरात कर्नल ओरडला.

साहेबांनी विचारले, "हे काय आहे?"

सुंदरराव म्हणाले, "गाय हाय साहेब. पाण्यावाचून घसा बसलाय तिचा."

"दूध किती देते?"

"आटलीय सध्या."

साहेबांनी वहीतली ११४ समोरची नोंद वाचली. मग, उद्या पुन्हा येतो, एवढेच बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छावणीत गेलो तर ११४ नंबरचा बिल्ला एका तांबड्या गाईच्या कानात होता. कर्नल नव्हता. सुंदररावांना विचारले तर म्हणाले, कोणते गाढव? धुळाजीने मात्र खरे सांगितले, की चाऱ्याच्या रिकाम्या टेम्पोत घालून त्याला मांजरसुंब्याच्या चौकात सोडून आलो, चेअरमनचा हुकूम होता, तात्या माफ करा. तो रडत होता. मी तिथूनच मांजरसुंब्याला निघालो.

त्या चौकात चारी बाजूंनी ट्रक येतात. मी तीन दिवस तिथे होतो. एका ढाब्यावाल्याने लंगडे गाढव बीडच्या बाजूला जाताना पाहिले म्हणून सांगितले, दुसऱ्याने धारूरच्या बाजूला. काल सुंदरराव घरी आले. एकाला दोन गाढवं घेऊन देतो, गप बसा, आणि माझ्या भावाच्या रानात एक चेंडू मारा, असे म्हणाले. मी त्यांना चहा न देता उठवले. सुंदररावांशी माझे पूर्वीचे भांडण नाही.

इथल्या हवालदारसाहेबांनी छावणीत फोन करून चौकशी केली. बिल्ला नंबर ११४ जागेवर आहे, रवंथ करते आहे, वही बरोबर आहे, मग हरवले काय, असे ते म्हणतात. वही खोटी आहे म्हणालो तर सही माझी निघते, गुन्हा माझ्यावर पडतो, पेन्शनीवर गदा येऊ शकते, हे त्यांनी मला दोन वेळा समजावून सांगितले. आपण दोघंही हवालदार म्हणून सांगतो, असेही म्हणाले. त्यांचा हेतू चांगला आहे. गाय हरवली असे लिहून देतो, शोध तरी सुरू होईल, अशीही तोड त्यांनी सुचवली. मी घरी जाऊन सत्यभामेला विचारून आलो. ती म्हणाली, "लिवून द्या खरं काय ते. लेकरू उन्हात उभं असंल."

म्हणून लिहून देतो की, दि. २८ मार्चला मी गाढवाची गाय म्हणून नोंद करून खोटी सही केली. गुन्हा माझ्यावर आधी दाखल करा. पण हरवलेल्याच्या रकान्यात गाय लिहू नका. गाय शोधायला निघालेला शिपाई कर्नलच्या शेजारून जाईल आणि त्याला तो दिसणार न्हाई.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. 'गाढव' हा शब्द जिथे सांगितला तिथे तोच आहे हे मी बोट ठेवून ठेवून बघितले, आणि मगच सही केली.

(सही) बंकट मुंजाजी ढाकणे