लोणावळ्यात पंखा लागत नाही

…आणि वर तोंड करून म्हणायचं काय, तर लोणावळ्यात पंखा लागत नाही! नाही लागत, मान्य, मी काय परकी आहे, इथेच तुंगार्लीत चंद्रिकाच्या शेजारी राहते, जानेवारीत इथे दात वाजतात… पण तुम्हाला सांगते, चंद्रिकाला लागतो, त्याला काय करायचं? सत्तेचाळिसावं लागलं आणि बाईच्या अंगातून वाफा यायला लागल्या. पाळी दोन-दोन महिने गायब, मग एकाच महिन्यात दोनदा हजर, पोळी लाटता लाटता कानशिलं तापायची, ब्लाउज ओला, आणि समोर सुहासराव, म्हणजे तिचा नवरा, कानटोपी घालून चहा फुंकतोय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जायच्या आधी हार्मोन्स वरखाली होतात, चालायचंच काही वर्षं. काही वर्षं, ऐकलंत? म्हणून तिने फक्त एक पंखा मागितला.

पण सुहासराव पडले भूगोलाचे मास्तर. घसा खाकरून म्हणतात, "अगं, आपण समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर आहोत." हार्मोन्स काय उंची विचारून येतात? बरं, छताला टांगावा तर घर बांधताना सासऱ्यांनी स्लॅबमध्ये हूकच टाकू दिले नव्हते, का, तर… बरोबर, लोणावळ्यात पंखा लागत नाही.

आणि हीच चंद्रिका चोवीस वर्षांपूर्वी देहूरोडहून लग्न होऊन आली ना, तेव्हा इथल्या गारठ्याने रडकुंडीला आली होती हो. पहिलाच डिसेंबर, बाहेर धुकं, ही मागच्या दारी भांडी घासत कुडकुडतेय, आणि सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून चिक्कीच्या डब्याच्या झाकणाने वारा घेतायत! हिला वाटलं, बाई जरा चक्रमच दिसते. तेवढ्यात त्यांनी अंगावरची शाल काढून हिच्या खांद्यावर टाकली. "घे. मला नको." बस, एवढंच. पण त्या शालीची गोष्ट चंद्रिकाने कुठे सांगितली नाही? माहेरी, भिशीत, हळदीकुंकवाला… माझी तर पाठ झालीय, सासूने अंगावरची शाल काढून दिली हो, अशी माया कुठे मिळते.

तर परवा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. हिला आली वाफ, हिने भाजीचं ताट उचलून वारा घ्यायला सुरुवात केली आणि एकदम थांबलीच. म्हणाली, "अगं, माया कसली, त्यांना उकडत होतं!" इतक्या हसलो, इतक्या हसलो की मेथी सगळी जमिनीवर. मग वाफ ओसरली, घाम गार झाला आणि ती शहारली.

"पाच मिनिटांनी त्यांनाही अशीच थंडी भरली असणार गं," ती म्हणाली. "पण शाल काही परत मागितली नाही."

डोळे भरून आले तिचे. माझेही आले, खोटं कशाला बोलू? सासूबाई तेव्हा पन्नाशीच्या, घरात सगळे म्हणायचे म्हातारी तापट आहे, पण काय होतंय म्हणून एकानेही विचारलं नाही. चंद्रिका उठली, चपला घातल्या आणि तडक बाजारातून टेबलफॅन घेऊन आली.

आता पंखा फिरतोय, आणि सुहासराव चंद्रिकानेच अंगावर टाकलेली तीच शाल गुंडाळून आतून पुटपुटतायत, लोणावळ्यात पंखा लागत नाही. पाच मिनिटं झाली की चंद्रिकाला हुडहुडी भरते. शाल परत मागायची नाही, ही त्या घराची रीत. आणि पंखा बंद करावा, तर सुहासराव जिंकले…

मग काय, स्वेटर घालून बसते बिचारी. पंख्यासमोर.