एकटेरावांना उशीर झाला

नाही गं, त्या चौकातल्या टूरवाल्याकडे नाव घालू नकोस — मी सांगते ना, नको — आणि हे टोक धर, नुसती उभी काय राहिलीस, चादरीची घडी दोघींनी केली की पटकन होते — हां, ओढ, जोरात ओढ, फाटत नाही. तो तुला काय काय म्हणाला असेल ते मला पाठ आहे. सकाळी बस, मग होडी, मग बेट, दुपारचं जेवण त्यांचं, संध्याकाळी आणून सोडणार, तुम्ही कसलीही काळजी करू नका, आम्ही आहोत ना! ते आहेत म्हणूनच काळजी, बाई. तू इथवर साध्या बसने आलीस, पाठीवर एक पिशवी, कुणाला विचारत विचारत आलीस, दारात उभी राहिलीस तेव्हाच मला आवडलीस. आणि आता शेवटच्या टप्प्याला येऊन पाय का लटपटतायत तुझे? एकटीने बेटावर कसं जायचं, हेच ना? सोपं आहे. बेटावर कामाला जाणाऱ्या कामगारांची पहिली होडी असते, ती धरायची. टूरवाल्यांची पांढरी, खुर्च्यांची असते तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कामगारांच्या होडीत फळीवर बसावं लागतं, ओले होतो आपण जरा, पण भाडं नावालाच. बरोबर पाव घेऊन जा, पाणी घेऊन जा. रस्ता विचारायचा झाला तर बाईला विचार, आणि तीसुद्धा हातात ओझं असलेली बाई बघून — रिकाम्या हाताची माणसं उगाच लांबचा रस्ता सांगतात. पैसे दोन ठिकाणी ठेव. आणि कुठेही, कुठेही गेलीस तरी परतीची गाडी कुठून सुटते ते उतरल्या उतरल्या विचारून घे, मग खुशाल भटक. झालं. एवढंच असतं ते. एवढ्यासाठी माणसं स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतात.

चिडले नाहीये गं. माझा आवाजच असा आहे. — ती दुसरी दे, उशांचे अभ्रे नंतर बघू. — का म्हणजे? टूरवर एवढा राग का? तुला खरंच ऐकायचंय? मग बस त्या खुर्चीवर. नाही, ती नको, ती डुगडुगते, ही घे.

तू आत्ता आलीस ना त्या खालच्या खोलीतून, जिथे तुझी पिशवी ठेवलीस, ती पूर्वी जेवणाची खोली होती. हे लॉज तेव्हा एका म्हाताऱ्या बाईचं होतं, सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे. तेव्हा इथे टूर उतरायच्या. तशी एक टूर आली. बसभर माणसं, सगळी चांगल्या घरची — एक डॉक्टर होते, दोघी शिक्षिका बहिणी होत्या, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, एक बँकेतले साहेब. आणि टूरचा मॅनेजर. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की उतरायचं, शिट्टी वाजली की फोटो, शिट्टी वाजली की परत चढायचं. मुतायलासुद्धा शिट्टीवर — हसतेस काय, खरं सांगतेय. आणि लोकांना ते आवडायचं! मोठमोठे साहेब कोकरासारखे रांगेत. तो डोकी मोजायचा, टपलीत मारल्यासारखं बोट नाचवत, आणि माणसं मान खाली घालून मोजून घ्यायची.

फक्त एक नव्हता तसला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, निवृत्त झालेला, काटकुळा, बोलणं कमी. बहिणीने हट्टाने टूरमध्ये नाव घातलं होतं त्याचं — एकटा कुठे फिरशील म्हणून. आता त्याला एकटंच फिरायचं होतं, हे तिला कोण सांगणार! तर हा, आमची बस थांबली की साध्या गाड्यांच्या कंडक्टरांशी बोलत बसायचा, ही गाडी कुठे जाते, पुढे काय आहे, परत कधी येते. आणि मग शिट्टीला सांगायचा, मी येतो जाऊन. शिट्टी म्हणायचा, टूरमध्ये असं चालत नाही, काका. हा म्हणायचा, वेळेत येतो. आणि यायचाही. बसमधल्या लोकांनी त्याचं नाव एकटेराव पाडलं. एकटेराव आले का? एकटेरावांनी आज काय दिवे लावले? आधी गंमत होती. मग माणसाला गमतीचाही कंटाळा येतो आणि मग ती नासते. दुधासारखी नासते.

नाव पाडलं होतं ज्याने, तो बसमधला सगळ्यांचा लाडका. देखणा, कडक इस्त्रीचे कपडे, एकाहून एक विनोद सांगणार, शिक्षिका बहिणी तर त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. त्याची बायको खिडकीशी बसायची. ती कमी हसायची. कारण जेवणाच्या वेळी तो विनोद सांगताना टेबलाखाली तिचं बोट धरून ठेवायचा, आणि विनोद रंगत जाईल तसतसं ते मागे मागे वळवायचा. वर सगळे हसताहेत, आणि खाली — अगं, तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. हलली तर खोलीवर गेल्यावर जास्त. एकदा त्या बायकोने एकटेरावांना विचारलं, बसच्या पायरीवर, कुणी नाही बघून — बाईमाणसाला जमेल का हो असं, तुमच्यासारखं, साध्या गाड्यांनी? तो म्हणाला, गाडीला काय कळतंय आत कोण बसलंय? एवढंच. पण ते एवढंसुद्धा नवऱ्याने पाहिलं. खोलीवर गेल्यावर तिच्या तोंडात रुमाल कोंबला आणि बोट पूर्ण मागे नेलं. कट् असा आवाज होतो. सुकी काडी मोडावी तसा. हे बघ, हे — अजून सरळ होत नाही. चादर धरताना बघ कसं बाजूला राहतं.

...

बघू नकोस तशी माझ्याकडे. हो, मीच. आता निघून गेलं तोंडातून, तर गेलं. अभ्रे दे इकडे.

तर बेटाचा दिवस. बेटावर तेव्हा असं कुणालाही सोडायचे नाहीत, परवाना लागायचा, आणि टूरचा परवाना एकच, सगळ्यांचा मिळून — सगळे हजर असतील तर सगळे, एक कमी असेल तर कुणी नाही. शिट्टीने हे आम्हाला नीट सांगितलं होतं का? मला तर आठवत नाही. एकटेरावांनाही नव्हतं माहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. होडी दुपारची, म्हणून ते सकाळीच साध्या बसने दीपगृहाकडे गेले. परतीची बस वाटेत बंद पडली. आम्ही धक्क्यावर उन्हात उभे. शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेला, जसं काही तो आवाज ऐकून ते उगवणारच होते. समोर पांढरी होडी. परवाना बघणारा म्हणाला, एक कमी आहे, नाही जमणार. होडी सुटली, रिकाम्या खुर्च्या घेऊन. आणि टूर दुसऱ्या दिवशी परत निघणार होती, म्हणजे बेट गेलं ते गेलंच. मग सगळे इथे आले, खालच्या खोलीत, जेवायला बसले, आणि कुणीच जेवलं नाही. नवीन लग्नाची मुलगी रडत होती. माझा नवरा सगळ्यांच्या मधून फिरत होता — प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत, हळू आवाजात — तुमचं नुकसान झालं हो, तुमच्या मिसेसना किती हौस होती, याला काही वाटत असेल का? वाढपी फिरतो ना, तसा फिरत होता. प्रत्येकाच्या पानात थोडं थोडं वाढत.

आणि एकटेराव आले. चालत आले होते सगळा रस्ता. बूट हातात, पायांना फोड, चेहरा रापलेला — आणि हसत होते. त्यांना माहीतच नव्हतं! म्हणाले, बस बंद पडली, पण चालताना समुद्र काय सुंदर दिसतो वरून, तुम्ही सगळ्यांनी —

तिथेच पहिली बसली. माझ्या नवऱ्याची. थोबाडीत नाही, बंद मुठीची, तोंडावर. दात पडल्याचं मी पाहिलं, फरशीवर टक् करून उडाला. मग बँकेतले साहेब उठले. त्यांनी कॉलर धरली. मग ते नवीन लग्न झालेलं पोरगं, बायकोला दाखवायला म्हणून असेल, त्याने पोटात लाथ घातली. मग कोण कोण ते कळेना. त्या शिक्षिका बहिणी — आयुष्यभर पोरांना शिकवलं त्यांनी — छत्रीने मारत होत्या, टोकाने, भोसकल्यासारखं, आणि प्रत्येक फटक्याला म्हणत होत्या, शिस्त नाही, शिस्त नाही. आणि डॉक्टर! ते बाजूला उभे राहून सांगत होते, डोक्यावर नको, डोक्यावर नको. बास एवढंच. म्हणजे बाकी कुठेही चालेल. आणि शिट्टी दाराशी उभा, बाहेरून कुणी येऊ नये म्हणून. मोठ्या बाई स्वयंपाकघरातून ओरडत होत्या पण त्यांना आत कोण घेतंय. एकटेराव टेबलाखाली सरपटले तर माझ्या नवऱ्याने त्यांना पायाला धरून ओढून काढलं, त्याच फोडांच्या पायाला, आणि छातीवर बसला, आणि अंगठा त्यांच्या डोळ्यात — मी पाहिलं ना, त्याचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर तोच भाव. विनोद रंगात आला की यायचा तो.

भिंतीवर आग विझवायचं ते लाल नळकांडं होतं. मी ते कधी काढलं मला आठवत नाही. मोडलेल्या बोटाच्या हाताने कसं पेललं तेही नाही आठवत, चांगलं जड असतं ते. पहिला फटका खांद्यावर बसला. तो वळला. मला बघून त्याला नवल वाटलं गं, राग नाही, नवल — खुर्ची चालायला लागावी तसं. दुसरा गुडघ्यावर. तो आडवा झाला. एकटेराव सुटले होते तेव्हा, कळलं का? सुटले होते, कोपऱ्यात जाऊन पडले होते. म्हणजे मी तिथे थांबू शकत होते. मी नाही थांबले. तिसरा डोक्याच्या बाजूला घातला, आणि मग चौथा, आणि मग मोजले नाहीत. सगळे भिंतीला चिकटलेले, ती एवढी शूर माणसं. मी त्यांच्याकडे वळले तर शिक्षिका बहिणींनी छत्री खाली टाकली आणि हात वर केले — मी काय दरोडेखोर आहे! आणि तुला खरं सांगू? मला बरं वाटत होतं. अंगात कित्येक वर्षांचं काहीतरी साचलेलं वाहून जावं, तसं. लोकांना वाटतं अशा बाईला नंतर पश्चात्ताप होतो, झोप लागत नाही. मला त्या दिवसापासून लागायला लागली.

पोलीस? कोण बोलावणार पोलिसांना? सगळ्यांचेच हात रंगलेले. शिट्टीने अर्ध्या तासात सामान बसमध्ये चढवलं, माझ्या नवऱ्याला झोपवून नेलं, डॉक्टर त्याच्या उशाशी. मी पायरीवर उभी होते. शिट्टीने डोकी मोजली, दोन कमी भरली, त्याने माझ्याकडे पाहिलं — आणि शिट्टी वाजवली. गेले.

एकटेरावांचा एक डोळा गेला. फासळ्या मोडल्या होत्या. मोठ्या बाईंनी मला इथे कामाला ठेवलं आणि मी रोज दवाखान्यात जायचे, पेज न्यायचे, वाचून दाखवायचे. आता तुझ्या मनात काय आलं ते मला कळतंय. माझ्याही आलं होतं. म्हटलं, ह्यांना आता सोबत लागेल, एका डोळ्याने कुठे फिरणार — आणि मला तर कुणाबरोबर तरी निघायचंच होतं. बरे झाल्यावर मी विचारलं त्यांना, येऊ का बरोबर? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, बाई, तुमचे उपकार मोठे आहेत. पण मला एकट्यानंच जायला आवडतं. अगदी प्रेमाने म्हणाले. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. खिडकीशी बसले होते, चांगला डोळा बाहेरच्या बाजूला ठेवून.

मग मी? मी काय. राहिले इथेच. मोठ्या बाई गेल्या, लॉज माझ्याकडे आलं. कोण कुठे जातंय, कशाने जातंय, सगळं मला ठाऊक असतं, तुझ्यासारख्या कितीतरी जणींना मी रस्ते सांगून पाठवलं. बेट? नाही. बेटावर नाही गेले अजून. — कोण म्हणालं घाबरते? चादरी कोण धुणार? नळ गळतो तो कोण बघणार? विचारायला सोपं असतं गं.

नवरा ना, आला होता. शोधत आला, बऱ्याच महिन्यांनी, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. इथेच, मी अशीच चादरींमध्ये. म्हणाला, झालं गेलं विसरून जाऊ, घरी चल. मी म्हटलं, नाही. त्याने मान वाकडी करून कान पुढे केला. मी परत म्हटलं, नाही. तो म्हणाला, काय? तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो कान मीच फोडला होता, आणि दुसऱ्यानेही धड ऐकू येत नव्हतं त्याला. मग काय करणार! ओरडले. छाती फुटेस्तोवर ओरडले, नाही — नाही येणार — नाही! रस्त्यावरची माणसं थांबली. समोरचा दुकानदार बाहेर आला. लग्नापासून मी त्याच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकलं. तेव्हापासून आवाज असा झालाय. खाली उतरलाच नाही.

बस झालं. जा वर, पाणी तापलंय, आंघोळ करून घे. पहाटे मी उठवणार नाही, तुझी तू ऊठ. आणि हे बघ, त्या होडीत फळीवर दोघींना — नाही, काही नाही. जा म्हटलं ना. जा!