टाके घालणाऱ्या बाई

तुमाले हसू येईल, पण मले तेव्हा घाम फुटला होता. नवीन नवीन स्वातंत्र्याचा काळ. सावली गावात मी बायांले हातशिलाई शिकवत होती. एक दिवस आम्ही सगळ्या मोठी गोधडी शिवत होतो, तं एक म्हातारा लंगडत दारात आला.

“टाके घालनाऱ्या बाई तुमीच काय?”

“हो. धावदोरा घालू का उलटी टीप?”

तो गोंधळला. “जे पक्कं राहीन, ते घाला.”

“मंग उलटी टीप. कपडा दाखवा.”

त्यानं पायाचं फडकं सोडलं. कुऱ्हाडीनं पोटरी फाटली होती.

“भाऊ, मी कापडाले टाके घालते! तुमाले डॉक्टर पाहिजे!”

फडकं घट्ट बांधून आम्ही त्याले दवाखान्यात न्यायले बैलबंडीत बसवलं. तो आमच्या गोधडीकडेच पाहून राह्यला होता.

“बाई, एवढी मोठी गोधडी शिवता, अन् एवढासा पाय नाई जमत?”