अशी बाई आमच्या घरात नाही!

मंडळी, एक सांगा — शेजाऱ्याच्या घरावर स्लॅब चढला, की दुखतं आपल्याच पोटात! का हो? हसू नका! मीही त्यातलाच. मघाशी मोबाइलवर काय बघत होतो? शेजारगावच्या बुवांचं कीर्तन किती लोकांनी पाहिलं ते! त्यांचे आकडे बघून माझा चहा कडू झाला!

तर ऐका. ढवळ्यांच्या घरात दोन जावा, एका अंगणात दोन चुली. थोरली कृष्णाबाई, धाकटी शेवंता. शेवंतेला गेल्या साली घरकुल मिळालं. पक्क्या भिंती, वर स्लॅब! आणि थोरलीच्या डोक्यावर? फाटकी ताडपत्री! पाऊस आला की घरात पातेली मांडायची. जळफळाट झाला हो बाईचा! शेवंता फरशी पुसायला लागली, की ही दार आपटायची.

यंदा घरकुलाची नवी यादी सगळ्यांना बघता येईल अशी मोबाइलवर आली. कृष्णाबाईला वाचता येत नाही, पण चैन कुठली? गेली सेवा केंद्रात. केंद्र चालवणारी मंगल म्हणाली, "मावशी, ढवळ्यांचं एकच नाव आहे. द्वारका ढवळे."

"द्वारका? कोण ही द्वारका? ही शेवंतेचीच लबाडी! खोट्या नावावर दुसरं घर लाटतीय सटवी! लिही हरकत — अशी बाई आमच्या घरात नाही!"

"मावशी, घरी एकदा विचारा तरी."

"तू लिही गं!"

मंगलनं लिहिलं. मशीनवर अंगठा घेतला, बटण दाबलं, पावती निघाली. वाचता वाचता पोरगी थबकली! "हरकत घेणार — द्वारका ढवळे. हरकत कुणावर — द्वारका ढवळे. कारण — अशी बाई नाही."

"बघ! मशीनसुद्धा फितवलं तिनं!"

"मावशी, अंगठा तुमचा आहे. म्हणजे नावही तुमचंच."

अहो, बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव, ते कानातच राहिलं! माहेरी सगळे बायडी म्हणायचे, सासरी कृष्णाबाई झाली. आधारकार्ड काढलं भावानं. तो म्हणाला, "सरकारी कागद आहे, खरं नाव पाहिजे!" आणि बारशाचं नाव सांगून मोकळा!

कृष्णाबाई तणतणत घरी आली. "माझं नाव कुणी घातलं यादीत?"

शेवंता म्हणाली, "मी घातलं, जाऊबाई. सर्वेवाले आले तेव्हा तुम्ही माहेरी होतात. भावजींनी तुमचं आधारकार्ड दिलं, मी अर्ज भरला. मुद्दाम सांगितलं नाही. माझ्या हातचा अर्ज तुम्ही फाडला असता."

मंडळी, फाडलाच असता! आणि न फाडताही फाडलाच की!

हरकत मागे घ्यायला बाई तशीच धावली. पण जिचं नाव तिचाच अंगठा, मग चौकशी कसली? नाव कटलं ते कटलं. यंदाचं घर गेलं. पाऊस आला, ताडपत्री उडाली, आणि कृष्णाबाई पातेली घेऊन शेवंतेच्या स्लॅबखाली येऊन बसली. शेवंतेनं नुसता पाट सरकवला. त्या पाटावर बसून बाई ढसाढसा रडली हो!

आता घरी जाल, मोबाइल उघडाल, यादीत दुसऱ्याचं नाव शोधाल. शोधा! पण हरकतीवर अंगठा उठवण्याआधी एवढं बघा, की ज्याचं नाव खोडताय तो नक्की दुसराच आहे ना! शेजारी बसलाय त्याच्या तोंडाकडे बघा, आणि म्हणा — विठ्ठल!